चार चौकटींतली शेती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदाचे ऊन रणरणत होते आणि मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीत भातावरचा खोडकिडा पाहायला निघालो होतो. वाडी डोंगराच्या कुशीत असल्यामुळे जीप खालीच ठेवावी लागते. वर पोहोचेस्तोवर घशाला कोरड पडली. एका घराच्या ओटीवर टेकलो, तेव्हा घरच्या आजीने न मागता पाण्याचा तांब्या पुढे केला. तांब्या तोंडाला लावणार तोच माझी नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. पांढरा, प्लास्टिकचा, पाच लिटरचा डबा. त्यातूनच आजीने पाणी ओतले होते. डब्यावरचा कागद निम्माअधिक सुटला होता, पण उरलेल्या तुकड्यावर चौकोनाचा खालचा पिवळा भाग स्पष्ट दिसत होता.

"आजी, हा औषधाचा डबा ना?"

"हा. धुवून घेतलाय."

"यात पाणी भरू नये म्हणून आम्ही वाडीत कागद लावला होता, पाहिला नाही का?"

आजी जराशी हसली. म्हणाली, "तुमच्याच कागदावर दावलंय की, सायेब. बाई डब्यान पानी भरते, नि वर मोठी फुली. फुली मारली म्हंजे ह्योच पायजे. मतदानाला आमी फुलीच मारीत होतो ना?"

मी गप्पच बसलो. तो कागद मी स्वतःच्या हाताने त्या वाडीत चिकटवला होता. चित्र काढून घेताना मीच सांगितले होते की, बाईच्या चित्रावर ठसठशीत लाल फुली मारा, म्हणजे अडाणी माणसालाही कळेल. कागदी मतपत्रिकेच्या काळात 'अमुक चिन्हावर फुली मारा' असे गावोगावच्या भिंतींवर रंगवलेले असे. मतदान यंत्रे आली तरी ती ओळ म्हाताऱ्या माणसांच्या मनावरून पुसलेली नाही, हे मला सुचायला हवे होते. सुचले नाही.

सुदैवाने त्या घरात कोणाला काही झाले नव्हते. डबा राखेने पुष्कळ वेळा घासलेला होता. तेवढ्याने विष जातेच असे नाही. मी जीपमधला माझा पाण्याचा कॅन आजीला आणून दिला, तो डबा घेऊन खाली उतरलो, आणि त्या आठवड्यात आसपासच्या वाड्यांमधले तसले सगळे कागद फाडून आणले.

चित्र सगळ्यांना कळते?

कृषी खात्यात माझी तीस वर्षे होत आली. दापोलीहून बी.एस्सी. होऊन आलो, तेव्हापासून एक वाक्य ऐकत आलो आहे: 'ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र दाखवा.' वाक्य बरोबर आहे, पण अर्धेच. चित्रालाही स्वतःची लिपी असते आणि तीही कोणीतरी शिकवावी लागते. गोष्टीच्या चित्रात बोलणाऱ्याच्या तोंडापाशी जो फुगा काढतात, तो पाहून एका कातकरी दादाने मला विचारले होते, "ह्यो विडी वढतोय काय?" खोडकिडीची अळी लोकांना नीट दिसावी म्हणून आम्ही भित्तिपत्रकावर हाताएवढी मोठी काढली, तर कर्जतच्या बाजारात एका शेतकऱ्याने समाधानाने सांगितले, "येवरा मोठा किडा आमच्या शेतान नाय, सायेब. आमाला भीती नाय." त्याच्या शेतात गाभामर झालेली होती. रोपाचा मधला पोंगा ओढला की अलगद हातात येत होता.

औषधाच्या डब्यावरच्या चौकोनाचेही तसेच. आपण विषाला औषध म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो, ते सोडा. त्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर अतिविषारी, पिवळा असेल तर जास्त विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर कमी विषारी. कमी विषारी म्हणजे विषारीच. पण हिरवा रंग दिसला की आपल्या मनात येते, हिरवा म्हणजे पिकाचा, हिरवा म्हणजे गाडी सोडायचा, म्हणून निर्धास्त. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हळहळ केली. त्या प्रकरणाला कारणे अनेक होती. पण डबा हातात घेणाऱ्या माणसाला डबा काय सांगतो ते कळते का, हा प्रश्न आमच्या खात्यातल्या माणसाला तरी टाळता येत नाही.

मग करायचे काय? एक सुटे चित्र फसते, कारण त्याच्या आधी काय झाले आणि पुढे काय होणार हे त्यात नसते. गोष्टीत ते असते. म्हणून मी चित्रकथेच्या नादी लागलो. या वयात साहेब पोरांची चित्रे काढत बसतो म्हणून कचेरीत थट्टाही झाली.

पिंगुळीची पोथी

चित्रांतून गोष्ट सांगणे ही काही परदेशाहून आलेली कला नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. (तिकडचे ठाकर आणि आपल्या कर्जत-खालापूरचे क ठाकूर, म ठाकूर यांचे नाते काय, ते पंडितांनी ठरवावे.) चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातसुद्धा सापडतो. पिंगुळीच्या लोकांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता आणि देवळांतून त्यांचे खेळ होत.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. एका कथेच्या सुट्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र समोर धरतो, वाद्याच्या साथीवर त्यातला प्रसंग गाऊन-बोलून सांगतो, मग ते चित्र उलटतो. कथा चित्रावर लिहिलेली नसते, ती सांगणाऱ्याच्या तोंडी असते. समोर म्हाताऱ्या बाया बसल्या असतील तर तो एक प्रसंग लांबवील, पोरे चुळबुळ करू लागली तर राक्षसाला लवकर आणील. चित्र तेच, गोष्ट दर वेळी थोडी वेगळी.

आणि गंमत अशी की हीच मंडळी रामायण-महाभारतातले प्रसंग कळसूत्री बाहुल्यांतूनही दाखवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा पडद्यावरचा छायाखेळही करतात. म्हणजे कथा एक आणि ती सांगायच्या तऱ्हा तीन. कागदाच्या चित्राला हलता येत नाही, म्हणून तिथे सांगणाऱ्याचा आवाज काम करतो. बाहुलीला हात-पाय आहेत, म्हणून तिथे लढाई रंगते. छायेच्या खेळाला अंधार आणि दिवा लागतो. या कलेसाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी पिंगुळीत आपल्या जागेत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे छोटे संग्रहालय उभे केले आहे. कोकणात उतरलात तर पोराबाळांना घेऊन जरूर पाहा.

छापील चित्रकथा आपल्या घरांत आली ती बरीच उशिरा. माझ्या लहानपणी आमच्या घरी 'चांदोबा' येई. मूळचे 'चांदमामा' मासिक १९४७ साली तेलुगु आणि तमिळमध्ये निघाले आणि १९५२ पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागले. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. आमचे प्रताप मुळीक यांनी तिच्यासाठी पुष्कळ चित्रे काढली. पुढे १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' येऊ लागला. त्या लहानग्या पट्टीची पुस्तके झाली आणि २०१२ साली चित्रपटही आला. चिंटूचे मला नेहमी नवल वाटते ते एवढ्याचसाठी की, तीन-चार चौकटींत एक घर, एक आई, एक खोडी आणि एक हसू मावते. आमच्या खात्याच्या चौपानी पत्रकात एवढे कधी मावले नाही.

ऐकले ते बोलले पाहिजे

आणखी एक जुनी हकिगत सांगतो, कारण ती आपल्याच मातीतली आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे नेमली. आठवड्यातून दोन वेळा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. नुसता रेडिओ लावून द्यायचा नाही, तर कार्यक्रम संपला की सगळ्यांनी त्यावर बोलायचे आणि आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचे, अशी अट होती. शेवटी पाहणी झाली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली. जिथे मंडळे नव्हती तिथे, रेडिओ असूनसुद्धा, तितका फरक पडला नाही.

पुढे मुंबई दूरदर्शनवरचा 'आमची माती आमची माणसं' आम्ही गावच्या एकुलत्या एक टीव्हीपुढे अंगणभर बसून पाहात असू. त्याचाही गुण अंगणात होता. कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास वाद चाले. आज प्रत्येकाच्या खिशात वेगळा पडदा आहे. कर्जत-खोपोलीच्या लोकलमध्ये संध्याकाळी नजर टाका, शंभर माना शंभर फोनांवर वाकलेल्या दिसतील. माहिती पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे, बोलणे तेवढे सरले.

उंबरखिंड आणि युरिया

आता आमच्या प्रयोगाकडे येतो. शरद शर्मा नावाच्या गृहस्थांनी 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' ही संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या लोकांना आपली चित्रकथा आपणच काढायला शिकवले. रीत सोपी. दोन साधे कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईने गोष्ट काढायची, झेरॉक्स काढून जिथे माणसे थांबतात तिथे लावायची. चित्रकार लागत नाही. चित्र वेडेवाकडे असले तरी चालते, कारण ते गावातल्याच माणसाने काढलेले असते.

चार चौकटी म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच चारसूत्री आली. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातलागवड आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. भाताचे तूस-पेंढा पुन्हा भातालाच द्या, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडा, दोरीने आखून अंतरावर लावणी करा, आणि युरिया-डीएपीची गोळी म्हणजे ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध खोचा. मला वाटले, चार सूत्रे, चार चौकटी, झाले काम! एका आश्रमशाळेतल्या आठवी-नववीच्या पोरापोरींना मार्च महिन्यात शनिवार-शनिवार गोळा केले आणि फळ्यावर चार सूत्रे लिहिली.

पोरे जांभया देऊ लागली. एक धीट पोरगा म्हणाला, "सर, खताची गोष्ट नको. उंबरखिंडीची काढू." उंबरखिंड आमच्याच खालापूर तालुक्यात. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथे कोंडला. म्हटले, काढा. चारच चौकटी मिळतील.

त्या एका शनिवारी पोरे जे शिकली ते मी महिनाभर बोलून शिकवले नसते. चार चौकटींत लढाई बसवायची म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवावे लागते. पहिल्या चौकटीत खान मोठ्या तोऱ्यात घाट उतरतो. दुसरीत दोन्ही बाजूंना झाडी आणि पायाखाली अरुंद वाट. तिसरीत वरून मावळे. चौथीत खान शरण येऊन, सामानसुमान टाकून चालू पडतो. एका मुलीने तिसऱ्या चौकटीत रायबागन बसवली आणि तिच्या तोंडी खानाला सुनावणारे वाक्य घातले. वर्ग हसून लोळला.

तोच मुलगा मग म्हणाला, "सर, वर असतो तो जिंकतो. पण आमच्या शेतात उलटं आहे. वरच्या खाचरातलं खत खालच्या खाचरात जातं."

मी खडूच टाकून दिला. गोष्ट मिळाली होती.

आपल्याकडची खाचरे डोंगरउताराला पायऱ्यापायऱ्यांची. एका खाचराचे पाणी मुसीतून खालच्या खाचरात उतरते. पावसाच्या तोंडावर युरिया फेकला की त्यातला बराच वाटा पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या दारी जातो, काही हवेत उडून जातो. पोरांनी गोष्ट अशी रचली. पहिली चौकट: चंदू ऐटीत युरिया फेकतो आहे, मागे काळा ढग. दुसरी: मुसळधार पाऊस, आणि बांधावरून युरियाचे दाणे चक्क हातात पिशव्या घेऊन खालच्या खाचरात निघाले आहेत. तिसरी: खालच्या बाळूकाकाचे भात हिरवेगार, चंदूचे पिवळे, आणि बाळूकाका चंदूला पेढे देतो आहे. चौथ्या चौकटीत मी त्यांना कृषी अधिकारी काढायला सांगितला होता. तो ब्रिकेटची माहिती देणार होता.

रायबागनवाल्या मुलीने अधिकारी खोडून टाकला. म्हणाली, "लावणी आई करते, सर. सायेब चिखलात उतरत नाय." तिने चंदूची आई काढली, कमरेत वाकलेली. चार चुडांच्या मधोमध बोट खोचून गोळी दाबते आहे आणि शेजारच्या बांधावर बाळूकाका रिकामे ताट घेऊन उभा आहे.

मला ते थोडे झोंबले, खोटे कशाला सांगू? पण चित्र माझ्या चित्रापेक्षा खरे होते. चार सूत्रांपैकी तीन गळून एकच उरले, तेही बरेच झाले. एका गोष्टीत एकच काम सांगावे. बाकीच्या तिघांसाठी आणखी तीन शनिवार होते.

ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी हिशेब देऊन ठेवतो. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर करायची, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन १५ बाय १५ चा होतो आणि दोन चौकोनांमध्ये २५ चा पट्टा राहतो. एका चुडात दोन-तीन रोपे. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गुंठ्याला सुमारे ६३० गोळ्या, म्हणजे एक किलो सातशे ग्रॅम. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो. गोळी वरवर राहिली तर युरिया फेकल्यासारखेच होईल. बोट पूर्ण बुडले पाहिजे. आणि हेही सांगतो की बोट दुखते. त्याच मुलीने विचारले होते, "सहाशे वेळा बोट खोचून आईचं बोट काय होईल?" तिला माझ्याकडे उत्तर नव्हते. फेकायच्या मानाने हे काम जास्तीचे आहे, ते घरातल्या सर्वांनी मिळून करावे, एवढेच म्हणता आले.

भिंतीवरून फोनात

कागद लावायचे कुठे? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले तर तिथे फक्त दाखले घ्यायला माणसे जातात. आमच्या भागातले पुरुष खोपोलीच्या कारखान्यांत पाळीला जातात, शेत बायकांच्या हाती असते, आणि सभा मात्र आम्ही सकाळी अकराला ठेवतो! पोरांनी जागा काढल्या: पिठाची गिरणी, रेशनचे दुकान, एस.टी.ची शेड, दवाखान्याचा बाक. गिरणी सगळ्यात उत्तम. दळण होईपर्यंत बाईला दुसरे काम नसते आणि चार बाया असल्या की बोलणे होतेच. १९५६ सालची श्रोतामंडळे गिरणीत आपोआप भरली.

फजितीही झाली. शेडमध्ये लावलेले कागद मृगाच्या पहिल्या पावसाने धुऊन नेले, युरियासारखेच. मग एका वाडीत पोरांनी शाळेच्या पडवीतल्या भिंतीवर गेरू आणि चुन्याने तीच गोष्ट हातभर मोठी काढली. ती दोन पावसाळे टिकली.

मग एका शिक्षकांनी चारही चौकटींचे फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दुसऱ्या दिवशी मला फोन आला, "साहेब, आधी गोळी खोचायची आणि मग वरून युरिया फेकायचा ना?" माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा ती फुली आठवली. पाहतो तर फोटो उलटसुलट क्रमाने पोहोचलेले. चौथी चौकट आधी आणि पहिली शेवटी. कागदावर चारही चौकटी एका दमात दिसतात, फोनवर एक-एक येते, आणि ज्याला रेंज डोंगरावर गेल्यावरच मिळते त्याला कोणती आधी येईल याचा नेम नाही. मग चारही चौकटी एकाखाली एक जोडून एकच उभे चित्र केले आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात आकड्याऐवजी उघडी बोटे काढली: एक बोट, दोन बोटे, तीन, चार.

पुढे शाळेच्या संमेलनात हीच गोष्ट ऐकवायची ठरली, नुसत्या आवाजात, पडद्यामागून. तिथे पुन्हा अडले. ऐकणाऱ्याला पिवळे भात दिसत नाही. तेव्हा पोरांनी युरियाच्या दाण्यांनाच बोलते केले. "चला रे चला, बाळूकाकाकडं पेढे हायेत!" असे ओरडत ते बांध ओलांडतात, मागे तांब्यातून पाणी ओतल्याचा बुडबुड आवाज. तो बुडबुड सगळ्यांत गाजला. पिंगुळीचे लोक चित्र, बाहुली आणि छाया यांत गोष्ट का बदलून घेतात ते मला तेव्हा नीट उमगले.

असे काम मोठ्या प्रमाणावरही होते. आफ्रिकेतल्या केनिया देशात २०१० साली 'शुजाज' नावाची चित्रकथा निघाली. तिथल्या तरुणांच्या बोलीत शुजाज म्हणजे शूरवीर. ती वर्तमानपत्राबरोबर फुकट मिळे आणि तीच कथा रेडिओवरही चाले. तिचा नायक बोयी नावाचा तरुण, तो घरातूनच लपूनछपून रेडिओ केंद्र चालवतो. त्यात एक गोष्ट कोंबडीच्या पिल्लांची होती. घार पिल्ले उचलून नेते म्हणून पिल्लांना रंग द्यायचा, म्हणजे घारीला ते भक्ष्य वाटत नाही. वाचून केनियातल्या पोरांनी खरेच पिल्ले रंगवली. आपल्याकडे बाजारात रंगीत पिल्ले पोरांना खेळायला विकतात, तिकडे घारीला फसवायला रंगवली. मला त्यात आवडले ते असे की, कथेतल्या पोराला साहेबाने काही शिकवलेले नाही. तो आपल्यासारख्याच दुसऱ्या पोराकडून ऐकतो, करून बघतो, आणि रेडिओवर सांगून टाकतो.

तुमच्या गावात कोणाला असे काही करायचे असेल तर अनुभवाची एकच गोष्ट सांगतो. चित्र झाले की छापण्याआधी, ज्यांना वाचता येत नाही अशा दोघा-तिघांपुढे धरा. 'कळलं का?' असे विचारू नका. आपल्याकडची माणसे भिडस्त, साहेबाचे मन मोडू नये म्हणून 'हो' म्हणतात. 'यात काय चाललंय?' असे विचारा आणि गप्प बसा. जे उत्तर येईल ते खरे. उत्तर चुकले तर चित्र बदला, माणूस बदलू नका.

औषधाच्या डब्याचे चित्र आम्ही शेवटी घेतले. माझी फुलीची हकिगत मी पोरांना लपवून न ठेवता सांगितली. ती हसली, मग विचारात पडली. त्यांनी फुली घेतलीच नाही. करू नये ते काढायचेच नाही, करायचे ते काढायचे, असे त्यांनी आपसांत ठरवले. पहिल्या चौकटीत चंदू रिकामा डबा तीनदा विसळतो आणि ते पाणी पंपातच ओततो. दुसरीत तो डबा पालथा घालून खिळ्याने बुडाला भोके पाडतो. तिसरीत बाळूकाका तोच डबा उचलून विहिरीवर नेतो. चौथीत डब्याच्या बुडातून पाण्याच्या धारा लागल्या आहेत, बाळूकाकाचे धोतर भिजले आहे आणि सगळी वाडी हसते आहे.

तो कागद घेऊन मी पुन्हा त्याच ठाकूरवाडीत चढलो. आजी ओटीवर नाचणी पाखडत होती. कागद तिच्यापुढे धरला आणि काही न बोलता बसलो. तिने सूप बाजूला ठेवले, एकेका चौकटीवर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"भोकाच्या डब्यान पानी रातंय काय! खुळाच हाय ह्यो बाळू."

मग आत गेली आणि माझा तो कॅन घेऊन आली. अजून वापरात होता. त्यातूनच तिने मला पाणी दिले.